टाकीखालचं गाव

मला चोपड्यात खोली मिळाली ती रस्ता नीट सांगता आला म्हणून. केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि मी पिशवी घेऊन गल्लोगल्ली खोली शोधत होते. एका कडुनिंबाखाली खाटेवर पांढरी टोपी घातलेले उंच, सडसडीत गृहस्थ बसले होते. खोली आहे का, असं मी विचारलं. त्यांनी भाडं सांगितलं नाही, जातगोत विचारलं नाही, नोकरी पक्की आहे का हेही नाही. "तुझ्या गावाला यायचं तर कसं यायचं?" एवढंच विचारलं.

मी दमले होते, आणि दमलं की मी जास्त बोलते. माझं गाव कोकणात, दाभोळच्या खाडीच्या दक्षिणेला. मी त्यांना धोपाव्याची जेट्टी सांगितली, तिथून लागणारा चढ सांगितला, पिंपळाचा पार सांगितला. "पाराशी डावीकडे वळू नका. तो रस्ता दिसायला चांगला आहे, पण पुढे भातशेतीत संपतो," असंही सांगून टाकलं. हे ऐकून ते खाटेवरून उठून उभेच राहिले आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "वरली खोली उघड वं. चुकायचा रस्ता पण सांगस ही पोर."

आतून त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्काने, किल्ली आणली. अख्खी गल्ली त्यांना आबा म्हणायची, मीही त्या दिवसापासून आबाच म्हणू लागले. तीन उन्हाळे मी त्या घरात राहिले. माणसं पुष्कळ पाहिली, पण ज्याच्याकडे पाहून आपण थोडं लहान झालोय असं वाटावं, असा माणूस मला तो एकच भेटला. आणि बरेच दिवस मी त्याला वेडा समजत होते.

रस्ता सांगण्यावरून माणूस कळतो, असा त्यांचा सिद्धांत होता. चोपड्यात जन्म गेलेला हा माणूस चोपड्याच्याच बाजारात उभा राहून परक्याला चोपड्याच्या बसस्टँडचा रस्ता विचारायचा. त्याने नुसता हात दाखवला तर तो कामचुकार. "सरळ जा" म्हणाला तर खोटा, कारण चोपड्यात सरळ असं काही जातच नाही. आणि चार पावलं बरोबर येऊन वळण दाखवलं तर आबा त्याला आग्रहाने चहा पाजायचे आणि मग सांगायचे, की मी इथलाच. काही लोक रागवायचे. बरेचसे पुढच्या बाजाराला स्वतःहून येऊन भेटायचे.

मुलासाठी मुली बघायला निघाले तेव्हाही हेच. एका ठिकाणी मुलगी चांगली, घर चांगलं, पण बापाने फोनवर रस्ता सांगताना पुलाचा उल्लेख केला नाही म्हणून आबा अर्ध्यातून माघारी फिरले. पहूरच्या एका गृहस्थांनी मात्र कुठल्या वळणावर उसाच्या गाड्या आडव्या येतात तेही सांगितलं. त्यांचीच मुलगी सून होऊन आली. वहिनी हे सांगताना हसायच्या. म्हणायच्या, माझ्यात काय पाहिलं देव जाणे, सोयरीक माझ्या वडिलांशीच झाली.

नरडाण्याच्या एका लग्नाला आबा इतक्या ठिकाणी रस्ता विचारत गेले की मंडपात पोचले तेव्हा आचारी भांडी घासत होते. मुलगा वैतागला. त्याच्या मोबाइलमधल्या नकाशाने सगळं बिनचूक दाखवलं होतं. आबांना त्या नकाशातल्या बाईचा मुळीच राग नव्हता. ते म्हणायचे, ती सांगते बरोबर, पण तिला गावात कोणी ओळखत नाही. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "रस्ता पुसायला लाज वाटली की गाव लांब पडतं." दिवसातून दोनदा तरी ते हे म्हणत, आणि घरातली सगळी जणं मान हलवून आपापल्या कामाला लागत.

माझी खोली गच्चीला लागून होती. खानदेशातल्या उन्हाळ्यात घर संध्याकाळी गच्चीवर चढतं. खाटा येतात, माठ येतो, दिवसभर वाळत घातलेले पापड, कुरडया, ज्वारीच्या बिबड्या गोळा होतात. पहिल्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी बाहेर आले तर आबा हातात चुन्याचा डबा घेऊन ओणवे झालेले. उत्तरेच्या कठड्यापासून दक्षिणेच्या कठड्यापर्यंत त्यांनी एक वाकडीतिकडी रेघ ओढली होती. मला बघून म्हणाले, की बघ, तुझ्या माहेराकडचा किनारा बरोबर काढला का.

तो सागरी रस्ता होता. अलिबागच्या बाजूने सुरू होऊन समुद्राच्या कडेकडेने खाली उतरणारा. जिथे खाडी तिथे ओल्या सुतळीचा तुकडा, जिथे जेट्टी तिथे विटेचा तुकडा. फेरीबोट म्हणून अक्काचा जेवणाचा पाट. रेघेच्या पश्चिमेला जी मोकळी गच्ची होती तो अरबी समुद्र, आणि तिथे अक्काचे पापड वाळत, कारण पूर्वेला सह्याद्री असल्यामुळे पापड घालायला आबांची मनाई होती. घाटात पापड घातले तर गाडी कुठून चढवायची, असं ते विचारत.  अक्का मुकाट्याने समुद्रात पापड घाली.

उन्हाळ्यात सगळ्या घराने जीप काढून हा रस्ता बघायचा, हा आबांचा बेत. माझ्या येण्याच्या आधीपासूनचा. त्यांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. पण कोकणातून आलेला ड्रायव्हर, फिरतीवरचा विक्रेता, बदली होऊन आलेला तलाठी, कोणीही दिसला की आबा त्याला निंबाखाली बसवून किनारा विचारून घेत. कुठल्या बोटीत जीप आधी चढवायची आणि कुठल्या बोटीत उलटी, कुठल्या चढावर एसी बंद करायचा, कुठल्या गावात घरगुती जेवण मिळतं आणि त्यासाठी आदल्या दिवशी सांगावं लागतं. मी त्या किनाऱ्यावर वाढले आणि मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. माझ्या खोलीचा खरा उपयोग हा होता, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या घरात राहणारा समुद्र होते.

बेत नुसता गच्चीवर नव्हता. त्याच्या तालमी व्हायच्या. एका रविवारी आबांनी सगळ्यांना जीपमध्ये बसवलं आणि तापीच्या पुलापर्यंत नेऊन परत आणलं. कोण कुठे बसणार ते ठरलेलं. मुलगा चालवणार, आबा त्याच्या शेजारी, मधे अक्का, वहिनी आणि मी, मागे दोन्ही नातवंडं आणि सामान. पुलावर गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, ही बाणकोटची खाडी, बोट येईपर्यंत खाली उतरा. रणरणत्या उन्हात आम्ही सगळे खाली उतरलो आणि बोटीची वाट बघत उभे राहिलो. शेजारून ट्रॅक्टरवाले बघत गेले. खाली तापी बारीक धारेने वाहत होती. मला हसू येत होतं, पण आबांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं.

परत येताना त्यांनी मला एक विचित्र गोष्ट सांगितली. म्हणाले, जाताना तू खिडकीपाशी बस, येताना मात्र एस्टीने ये.

मी विचारलं, का. म्हणाले, येताना सामान असतं. कसलं, तर आंब्यांच्या पेट्या. मी म्हटलं, "आबा, पेट्या खिडकीपाशी बसतात का?" त्यांनी टोपी सारखी केली आणि रस्त्याकडे बघत राहिले. वहिनींनी मला हळूच चिमटा काढला.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. गच्चीच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात पाण्याची मोठी काळी टाकी होती. किनाऱ्याची रेघ वरून येई, माझं गाव ओलांडे, गुहागर ओलांडे आणि टाकीखाली शिरे. टाकीच्या पलीकडून निघायची ती एकदम जयगडला. म्हणजे गुहागरच्या पुढचा सगळा तुकडा टाकीखाली. तिथे काय आहे ते मला ठाऊक होतं. सुरुची बनं, लहान वाड्या, एक-दोन शाळा. इतक्या काटेकोर माणसाने रेघ थोडी अलीकडे घेतली असती तर टाकी आडवी आलीच नसती. मी त्यांना तसं म्हटलं. त्यांनी चुन्याचा डबा बंद केला.

"तठे काही नही," म्हणाले आणि खाली निघून गेले.

तिथे काय होतं ते मला अक्काने सांगितलं. आम्ही दोघी पापड लाटत बसलो होतो. आबा-अक्कांना एक मुलगी होती. शिकलेली, शिक्षिका. खानदेशातली पुष्कळ मुलंमुली नोकरीला कोकणातल्या शाळांवर गेली, तशी तीही गेली, आणि तिथल्याच एका शिक्षकाशी तिने लग्न ठरवलं. आबांनी अडवलं नाही. लग्नाला गावातून माणसं गेली, आबा मात्र केळीला पाणी देण्याचं निमित्त करून घरी थांबले. मग पहिली आखाजी आली.

अक्षय्यतृतीयेला इथे आखाजी म्हणतात. आमच्याकडे त्या दिवशी विशेष काही नसतं, पण खानदेशात तो लेकींचा सण. दिवाळीला आली नाही तरी चालेल, आखाजीला लेक माहेरी हवीच. निंबाला झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात, सांजोऱ्या होतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस सासरी जातं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही आणि लेक आपणहून पिशवी घेऊन आली, तर सासरी आणि माहेरी दोन्हीकडे तिची मान खाली जाते.

त्या पहिल्या आखाजीला आबांनी मुराळी पाठवला नाही. सगळं स्वतःचं स्वतः ठरवलं, आता येणंही ठरवेल, असं त्यांच्या मनात. तिकडे मुलगी दारात वाट बघत बसली. मुराळी नाही म्हणजे बोलावणं नाही, असं तिने धरलं. दुसऱ्या आखाजीला भाऊ निघाला तर आबांनी गाडीची किल्ली दिली नाही. "तिले रस्ता ठाव शे," एवढंच म्हणाले. त्यानंतर कोणी विषय काढला नाही. ती फोनवर अक्काशी बोले, भावाशी बोले. आबा समोरच्या खाटेवर बसून ऐकत, आणि फोन ठेवला की पाऊसपाणी विचारत. तिला मूल झालं. तेही कोणी पाहिलं नाही.

"आखाजीनी रीत शे," अक्का म्हणाली. "मुराळी गया नही, तं पोर कशी ई?"

पापड लाटता लाटता ती हे इतक्या साधेपणाने बोलली की मला रडू फुटलं. बाप-लेक दोघंही रीत पाळत होते. ती मुराळ्याची वाट बघत होती आणि हे तिची. आणि दर वर्षी आखाजीच्या आधी आबा निंबाला स्वतःच्या हाताने झोका बांधत, दोर ओढून बघत, आणि म्हणत की नातीसाठी बांधला.

त्या वर्षी बेत मोडला. आबा म्हणाले, वादळ होणार, केळी आडवी होईल, मळा सोडता येत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात रेघ पुन्हा ओढली गेली, तापीवर पुन्हा तालीम झाली. आखाजीच्या आधी परत यायचं, यावर आबा अडून बसायचे. मुलगा म्हणे, सण झाल्यावर निवांत जाऊ, मुलांना सुट्टीही असेल. आबा म्हणत, नाही, आखाजीला घरी पाहिजे. मला आता हे सगळं कळत होतं, येतानाची ती खिडकीची जागाही. पण निघायच्या आदल्या दिवशी जीपच्या चाकातून त्यांना कसलासा आवाज ऐकू आला, जो दुसऱ्या कोणाला ऐकू आला नाही, आणि बेत पुन्हा मोडला. जूनमध्ये पावसाने किनारा धुऊन नेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी बोलले. मला तोंड आवरत नाही, हे माझी आई पहिल्यापासून सांगते. आबा गच्चीवर ओणवे होऊन गुहागरपर्यंत आले होते. टाकीपाशी थांबून त्यांनी नेहमीसारखा डबा उचलला आणि पलीकडे जयगडला जायला निघाले. मी म्हटलं, "आबा, रस्ता पुसायला लाज वाटली की गाव लांब पडतं. हे तुम्हीच सांगता ना?"

ते वळले. माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना बाजारात हाक मारून सगळ्यांसमोर काही विचारलं. डबा तिथेच ठेवून ते जिना उतरले. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. मी जिन्यावर दिसले की ते निंबाकडे बघत. आता खोली खाली करावी लागणार, असं मी धरून चालले, आणि खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं की आता कधीच कोणी कोकणात जाणार नाही.

मग एका सकाळी वर धडाधड आवाज सुरू झाला. बाहेर येऊन बघते तर टाकीचा नळ पूर्ण सोडलेला आणि पाणी पन्हळीतून खाली निंबाच्या आळ्यात चाललेलं. एप्रिल महिना. चोपड्यात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं. अशा दिवसांत कोणी भरलेली टाकी ओतून देत नाही, दिली तर त्याला दवाखान्यात दाखवतात. वहिनी हंडे, बादल्या, पातेली, मुलांचा टब, जे हाताला लागेल ते भरत पळत होत्या. मुलगा आबांना समजावत होता. आबा ऐकत नव्हते. टाकी रिकामी झाल्यावर मळ्यातल्या दोन गड्यांनी ती उचलली आणि आबांनी दाखवलेल्या जागी, पूर्वेच्या टोकाला, सह्याद्रीत नेऊन ठेवली.

खाली टाकीच्या आकाराचा शेवाळलेला काळा गोल उरला. आबांनी तो स्वतः झाडला, खरवडला, वाळू दिला. मग चुन्याचा डबा घेऊन गुडघे टेकून बसले आणि गुहागरपासून रेघ पुढे ओढली. तिथला किनारा आहे त्याहून जास्त नागमोडी झाला. मधे एका जागी थांबून त्यांनी एक लहान टिंब काढलं. त्याच्याकडे बघत बसले. अक्का कठड्याशी उभी होती, हातात रिकामा हंडा घेऊन. ती पुढे आली नाही, मागेही गेली नाही. मी माझ्या आयुष्यात माणसं देवळात उभी राहिलेली पाहिली आहेत, पण त्या गच्चीवर आम्ही सगळे जसे गप्प उभे होतो तसं देवळातही कधी पाहिलं नाही.

उठताना आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, तयारी कर, आखाजीच्या आधी परत यायचं. आणि येताना एस्टी.

आम्ही निघालो. जिथे समुद्र पहिल्यांदा दिसला तिथे नातवंडांनी गाडी डोक्यावर घेतली. अक्का खाली उतरली, लुगडं सावरून पाण्यात चार पावलं गेली, ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. मग आम्हाला म्हणाली, "इतलं पाणी, अन् केळीले काय कामनं नही." पण तिचे डोळे मोठे झाले होते. मलाही, जिने त्या पाण्याच्या कडेला शाळेची वाट तुडवली, ते त्या दिवशी नवं वाटलं.

आबा मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. समुद्राकडे बघितलंही नाही. मुलाने गाडी थांबवली की ते रस्त्यावर नजर लावून बसत. नात म्हणाली, आबा बघा ना, किती मोठा आहे. ते म्हणाले, "येताना देखू." प्रत्येक वळणावर, प्रत्येक कड्यावर, प्रत्येक बोटीत हेच उत्तर. ज्याने वर्षानुवर्षं किनारा गिरवला तो माणूस किनाऱ्याला पाठ देऊन बसला होता. बाकी सगळं त्यांनी सांगितलं तसंच झालं. जीप ज्या बोटीत उलटी चढवायची होती तिथे उलटीच चढवली. एका गावात आधीच सांगून ठेवलेलं जेवण तयार होतं. अनोळखी मुलखात मोबाइलची रेंज गेली, पण आबा एकदाही अडले नाहीत.

मुक्काम आमच्या घरी होता. माझ्या आईने त्यांना मांदेली तळून घालायचं योजलं होतं, पण पाहुणे शाकाहारी निघाल्यामुळे तिने घाईने फणसाची भाजी केली. आबांनी भाजी वाखाणली, पिंपळाचा पार बघून आले, आणि डावीकडचा रस्ता भातशेतीत संपतो याची खात्रीही करून आले. पण रात्री जेवताना त्यांचा हात पानावर थबकत होता.

सकाळी गुहागरच्या पुढे निघालो. आता ते टिंब. एका तिठ्यावर मुलाने गाडी थांबवली, कारण नकाशातली बाई गप्प झाली होती. त्याच्याकडे बहिणीचा फोन नंबर होता. त्याने खिशात हात घातला, पण आबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. दार उघडून स्वतः उतरले. टोपी सारखी केली. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी चटईवर सुकी मासळी पसरत होती. आबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ज्याने अख्ख्या जिल्ह्याला रस्ता विचारून हैराण केलं, त्याला आज विचारता येत नव्हतं. गाडीत अक्काने माझा हात धरला होता, आणि तो इतका घट्ट की बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या.

मग त्यांनी विचारलं. शाळेतल्या बाईंचं घर. जळगावाकडच्या.

म्हातारी सावकाश उठली. हातातली मासळी ठेवली, पदराला हात पुसले आणि आबांबरोबर चार पावलं चालत आली. बोट दाखवून तिने सांगितलं, की त्या विहिरीपासून खाली उतरा, पहिली पायऱ्यांची पाखाडी सोडा, ती खाजणाच्या चिखलात जाते, दुसरी धरा. "खूण सोपी हाय," ती म्हणाली. "दारात आंब्याक झोका दिसंल. वर्साच्या वर्सा ह्याच दिवसांत बांधतात त्या. त्येंच्याकडं तो सण असतो म्हणं."

आबा परत येऊन गाडीत बसले.  मुलाने गाडी विहिरीकडे घेतली. मला माहीत आहे, आयुष्यभर त्यांनी रस्ता सांगणाऱ्यांची परीक्षा घेतली होती आणि आज त्यांना इतका चांगला रस्ता सांगणारं माणूस भेटलं होतं. पण चहा पाजायचं भान त्यांना नव्हतं.

झोका होता. जाड सुताच्या दोराचा, निंबाच्या झोक्याला असतो तसाच गाठी मारलेला. त्यावर एक लहान मूल पोटावर आडवं पडून पाय हलवत होतं. ओसरीवर एक बाई सांजोरीसाठी रवा निवडत बसली होती. गाडीच्या आवाजाने तिने वर पाहिलं. उंच, सडसडीत, कपाळ थेट आबांचं. ती उठली, ताट बाजूला ठेवलं, आणि तिथेच उभी राहिली. पुढे यावं की नाही ते तिला कळत नव्हतं. आबाही झोक्यापाशी थांबले. दोघांच्या मधे ते एवढंसं अंगण, आणि तेही ओलांडायला दोघांना जड जात होतं.

"आबा," ती शेवटी म्हणाली, "घर कसं सापडनं?"

"पुसत पुसत उनू, माय," आबा म्हणाले. "मुराळी शे मी."

त्यानंतर अंगणात काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. आतून अक्काचा आवाज ऐकू येत होता, मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता, आणि लेकीच्या नवऱ्याने, तो गृहस्थ फार समंजस निघाला, सगळ्यांना खुर्च्या आणून दिल्या. शाळेच्या परीक्षा आटोपल्या होत्या. तिची पिशवी भरायला वेळ लागला नाही. मला तर वाटलं, ती दर वर्षी भरलेलीच असावी.

मीही तिला ताईच म्हणू लागले. निघताना ताई म्हणाली, दाटीवाटीने बसू, हिला वाटेत हिच्या गावी उतरवू. वहिनीही म्हणाल्या. मी आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, की ठरलेलं म्हणजे ठरलेलं, आणि माझ्याकडे बघून इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मीही म्हटलं, मला एस्टीच पाहिजे. मी माझी खिडकीची जागा सोडली. ताई मूल मांडीवर घेऊन तिथे बसली, काच खाली केली, आणि गाडी गेली. मी सुकी मासळी पसरणाऱ्या म्हातारीपाशी जाऊन बसले. गुहागरमार्गे धोपाव्याला जाणाऱ्या बसला वेळ होता.

बस आली, मला खिडकीपाशी जागा मिळाली. गुहागर मागे पडलं, रस्ता चढाला लागला आणि एका वळणावर कडा समुद्रावर उघडा पडतो ती जागा आली. रस्त्याच्या कडेला आमची जीप थांबलेली होती. सगळी मंडळी खाली उतरली होती. अक्का दगडावर बसली होती, मुलं कठड्यापाशी. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी टोकाला, आबा उभे होते, समुद्राकडे तोंड करून. त्यांच्या शेजारी ताई हात लांब करून त्यांना काहीतरी दाखवत होती, खाली, दूर, जिथे बहुधा तिचं गाव होतं.

आबांनी टोपी काढून हातात धरली होती. तीन वर्षांत मी त्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं.

कंडक्टरला सांगून बस थांबवता आली असती. मी थांबवली नाही.